‘सबब’ हा शब्द नेमका कुठे आणि कसा वापरावा

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव असताना मी एका सभासदांना थकबाकीचे पत्र लिहिले होते. “आपण मागील सहा महिन्यांचे देखभाल शुल्क भरलेले नाही. सबब, थकीत रक्कम पंधरा दिवसांच्या आत भरावी, ही विनंती,” एवढाच त्याचा मजकूर होता. त्याच संध्याकाळी ते गृहस्थ पत्र हातात घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, मी सबब सांगितली केव्हा? मी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही, आणि तुम्ही सबब म्हणून मोकळे!” मी त्यांना आत बोलावले, चहा दिला आणि पत्रातल्या त्या शब्दाचा अर्थ ‘म्हणून’ असा आहे हे समजावून सांगितले. त्यांना ते पटले, पण उठता उठता ते एवढे बोललेच, “मग सरळ ‘म्हणून’ लिहायचं की!”

त्यांचे म्हणणे रास्त होते. ‘सबब’ हा शब्द मराठीत दोन ठिकाणी राहतो आणि या दोन घरांचे एकमेकांकडे येणे-जाणे जवळजवळ बंद झाले आहे. कचेरीतल्या कागदावर तो ‘यास्तव’ किंवा ‘म्हणून’ या अर्थाचे अव्यय असतो. घरात, शाळेत आणि बाजारात तो जबाबदारी टाळण्यासाठी पुढे केलेल्या कारणाचे नाव असतो. ज्याला हा शब्द नीट वापरायचा आहे त्याने आपण कोणत्या घरात उभे आहोत हे आधी पाहावे.

शब्द मूळचा अरबी आहे आणि फारसीच्या वाटेने मराठीत आला आहे. अरबीत त्याचा एक जुना अर्थ ‘दोर’ असा आहे. ज्याला धरून एखाद्या गोष्टीपर्यंत पोहोचता येते ते साधन, आणि पुढे त्यावरूनच ‘कारण’. याच शब्दाचे अरबी अनेकवचन ‘अस्बाब’. ते फारसी-उर्दूत ‘सामानसुमान’ या अर्थाने रुळले आणि मराठीत ‘असबाब’ होऊन आले. म्हणजे ‘मालअसबाब’ बांधून निघणारा माणूस आणि न निघण्यासाठी ‘सबब’ सांगणारा माणूस, दोघांच्या हाती एकाच मुळाचे शब्द आहेत. उर्दूत आणि हिंदीत ‘सबब’ आजही निव्वळ कारण आहे, त्यात खोटेपणाचा वास नाही. ‘बेसबब’ म्हणजे विनाकारण. मराठीतही पूर्वी तसेच होते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ‘सबब’चा अर्थ कारण असाच दिलेला आहे. कचेरीच्या मराठीने तो जुना अर्थ अव्ययाच्या रूपाने जपून ठेवला. बोलण्यातल्या मराठीने मात्र ‘कारण’ हा शब्द प्रामाणिक माणसासाठी राखला आणि ‘सबब’ संशयिताच्या वाट्याला दिला.

यातून पहिली व्यावहारिक सूचना निघते. हिंदीतून मराठीत मजकूर आणताना ‘सबब’ जसाच्या तसा उचलू नये. ‘पराभव का सबब’ म्हणजे पराभवाचे कारण. पण मराठीत ‘पराभवाची सबब’ लिहिली की वाचक असे समजतो की हरलेल्या संघाने काहीतरी लंगडे स्पष्टीकरण दिले असावे, खेळपट्टीला दोष दिला असावा. अर्थ पुरता फिरतो, आणि लिंगसुद्धा बदलते: हिंदीतला ‘सबब’ पुल्लिंगी आहे, मराठीतली ‘सबब’ स्त्रीलिंगी.

कचेरीतले अव्यय आधी उरकून घेतो, कारण त्यात फारसे काही गुंतागुंतीचे नाही. ‘सबब’ हे अव्यय वाक्याच्या आरंभी येते, त्याच्यापुढे स्वल्पविराम देणे बरे, आणि त्याच्या आधीच्या वाक्यांत वस्तुस्थिती मांडलेली असली पाहिजे. “अर्जदाराने विहित मुदतीत कागदपत्रे सादर केलेली नाहीत. सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.” येथे पहिल्या वाक्याने पाया घातला आणि ‘सबब’ने त्यावर निर्णय चढवला. पहिले वाक्य नसेल तर ‘सबब’ला टेकायला जागाच राहत नाही, तरीही अनेक मसुद्यांत ते केवळ भारदस्तपणासाठी परिच्छेदाच्या तोंडाशी ठेवलेले असते. आदेश, ठराव, करारनामा, प्रतिज्ञापत्र एवढ्यापुरतेच ते वापरावे. शेजाऱ्याला, शिक्षकांना, ग्राहकाला किंवा सभासदाला लिहायच्या पत्रात ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ किंवा फार तर ‘यास्तव’ लिहावे. माझ्या दारात आलेल्या गृहस्थांनी मला हे शिकवले, आणि ते मी तेव्हापासून पाळतो.

आता नाम. व्याकरण थोडे, पण चुका पुष्कळ. एक सबब, दोन सबबी. ‘तारीख–तारखा’ या चालीवर काही जण ‘सबबा’ म्हणतात, ते बरोबर नाही. ‘भिंत–भिंती’, ‘विहीर–विहिरी’ यांची चाल येथे लागते. विभक्तीपूर्वीही ‘सबबी-’ असेच रूप होते: सबबीने, सबबीवर, सबबीखाली, अनेकवचनी सबबींना, सबबींवर. क्रियापदांची निवड याहून महत्त्वाची आहे. सबब सांगतात, देतात, पुढे करतात, शोधतात. ऐकणारा ती ऐकून घेतो, मान्य करतो किंवा फेटाळतो. मात्र सबब कोणी ‘करत’ नाही आणि ‘मारत’ही नाही. करतात तो बहाणा आणि मारतात ती थाप. या क्रियापदांकडे नीट पाहिले की शब्दांमधला फरक निम्मा आपोआप कळतो, म्हणून तो येथेच उलगडतो.

लहानपणी सोमवारी सकाळी माझ्या पोटात दुखत असे. गुडघे पोटाशी घेऊन, एक हात बेंबीवर ठेवून मी अंथरुणात पडून राही. हे झाले सोंग; सोंग घेतले जाते, कारण ते अंगावर चढवायचे असते. आई खोलीत आली की कण्हणे जरा वाढे. हा झाला बहाणा, कारण तो एका प्रेक्षकासाठी केलेला होता. “रात्रभर कळा येत होत्या,” असे मी सांगे, ती झाली थाप. आजी मात्र यांपैकी कोणत्याच शब्दात अडकत नसे. ती डब्यातून चिमूटभर ओवा आणि मिठाचे चार खडे काढून माझ्या तळहातावर ठेवी आणि म्हणे, “चाव बघू. खरं दुखत असेल तर बरं वाटेल, आणि खोटं दुखत असेल तर शाळा बरी वाटेल.” ओव्याचा तो झणझणीत घास चावून गिळेपर्यंत साडेसातची घंटा आठवायला लागे. पण खरी ‘सबब’ यांत अजून आलेलीच नव्हती. ती येई मंगळवारी. बाईंनी गृहपाठाची वही मागितली की मी उभा राहून म्हणे, “काल पोट दुखत होतं, बाई.” ही सबब.

या एका पोटदुखीत बहुतेक सगळे नियम सापडतात. बहाणा चालू काळात असतो आणि तो काहीतरी साधण्यासाठी असतो; सबब बहुधा नंतर येते, किंवा मागणी झाल्यावर येते, आणि ती काहीतरी न केल्याबद्दल असते. बहाण्याला देह लागतो, सबबीला वाक्य पुरते. थाप ही विधान म्हणूनच खोटी असावी लागते. सबबीला मात्र खोटे असण्याची गरज नाही, आणि लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज याच ठिकाणी आहे.

‘सबब म्हणजे खोटे कारण’ असा अर्थ शाळेत सांगितला जातो आणि तो कामापुरता ठीक आहे. परंतु जरा बारकाईने पाहिले तर सबबीतली घटना पुष्कळदा पूर्ण खरी असते; खोटे असते ते त्या घटनेवर टाकलेले वजन. दिवाळीच्या आधी आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे माझी पत्नी ब्लाउज आणायला गेली. ठरलेली तारीख चार दिवसांपूर्वीच उलटली होती. शिंपी म्हणाला, “वहिनी, शिवून झालंय, फक्त काजबटन राहिलंय. तो माणूसच आला नाही.” तिने दोरीवर पाहिले तर खरोखरच ब्लाउज शिवलेला होता, हुकांची जागा मोकळी होती, हातशिलाईचा पांढरा दोरा लोंबत होता. काजबटनवाला आलेला नव्हता हेही शेजारच्या दुकानदाराने सांगितले. म्हणजे शिंप्याचे प्रत्येक वाक्य खरे होते. तरीही ती सबबच होती, कारण कापड आदल्या रात्रीच मशीनखाली गेले होते आणि काजबटनवाला वेळेवर आला असता तरी त्याला देण्यासारखे हातात काहीच नव्हते. घटना खरी होती, उशीर खरा होता. मात्र एकामुळे दुसरे झाले हा दावा खोटा होता. सबब ओळखायची असेल तर ‘हे खरे आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘हे घडले नसते तर काम झाले असते का’ असे विचारावे.

कायद्याची भाषाही हीच साक्ष देते. “कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्यात समोरच्या माणसावर खोटे बोलण्याचा आरोप नाही. त्याला कायदा खरोखरच ठाऊक नसेल, हे गृहीत धरूनच ते वाक्य उभे आहे. अज्ञान खरे, पण ते जबाबदारीतून सोडवायला पुरेसे नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ‘खोटी सबब’ असा शब्दप्रयोग पुनरुक्तीचा आहे, असे म्हणणाऱ्या काटेकोर लोकांशी मी सहमत नाही. खोट्या सबबी असतात आणि खऱ्या गोष्टींच्या सबबीही असतात. विशेषण लावल्याने कोणती ते कळते.

विशेषणे भाषेत पुष्कळ आहेत आणि त्यांना आपापली ठरलेली जागा आहे. ‘लटकी सबब’ घरगुती आणि सौम्य, जवळजवळ लाडाची. लहान मुलाच्या किंवा रुसलेल्या माणसाच्या सबबीला ती शोभते. ‘पोकळ’ किंवा ‘तकलादू’ सबब म्हणजे जरा बोट लावले की कोसळणारी. ‘फुसकी’ त्याहून खालची, तिच्यात सांगणाऱ्याचा आळसही दिसतो. ‘थातुरमातुर’ हे विशेषण मला सबबीपेक्षा ‘कारण’ आणि ‘उत्तर’ यांच्याशी अधिक जुळलेले वाटते. आणि उत्तम रचलेल्या, ऐकताक्षणी खऱ्या वाटणाऱ्या बनावाला आपण ‘लोणकढी थाप’ म्हणतो; लोणी कढवून नुकतेच काढलेले ताजे तूप ते लोणकढे. खोटेपणाचे कौतुक करायला ज्या भाषेने तुपाचा वास निवडला तिच्या बोलणाऱ्यांची खवय्येगिरी कबूल करावी लागते.

वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला या शब्दांची वाटणी रोज पाहायला मिळते. “पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने पळवले,” “पत्ता विचारण्याच्या बहाण्याने मंगळसूत्र हिसकावले,” “दुरुस्तीच्या सबबीखाली उद्यान बंद ठेवले” या धर्तीचे मथळे सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. यांतले शब्द आपसात बदलून पाहावेत. ‘पोलीस असल्याची सबब करून’ असे कोणी लिहिणार नाही, कारण तेथे माणसाने आपण जे नाही ते असल्याचे दाखवले आहे आणि त्यासाठी ‘बतावणी’च हवी. तमाशात गण-गवळणीनंतर आणि वगाच्या आधी जो विनोदी संवादांचा भाग येतो त्यालाही बतावणीच म्हणतात. दाखवणे, करून सांगणे हा अर्थ दोन्हीकडे आहे. पत्ता विचारणाऱ्याला काहीतरी साधायचे होते, जवळ जायचे होते, म्हणून तेथे ‘बहाणा’. उद्यान बंद ठेवणाऱ्याला मात्र काहीतरी करायचे नव्हते, म्हणून तेथे ‘सबब’. करण्यासाठी बहाणा आणि न करण्यासाठी सबब, हा ढोबळ नियम दहापैकी नऊ वेळा चालतो. दहाव्या वेळी मराठी माणूस ‘नावाखाली’ म्हणतो आणि दोन्ही बाजू सांभाळून घेतो.

‘निमित्त’ या शब्दाशी मात्र जपून वागावे लागते, कारण तो स्वतः निष्पाप आहे. दिवाळीनिमित्त सवलत असते, वाढदिवसानिमित्त पूजा असते, “साध्या तापाचं निमित्त झालं आणि माणूस गेला,” असे आपण हळहळून म्हणतो. तो बिघडतो तो क्रियापदाच्या संगतीने. निमित्त ‘होते’ तेव्हा ते खरे असते. निमित्त ‘करतात’, ‘काढतात’ किंवा ‘शोधतात’ तेव्हा ते सबबीच्या पंक्तीला येऊन बसते. “भांडायला निमित्त शोधत होता,” “डोकेदुखीचं निमित्त करून लवकर निघाला,” ही त्याची उदाहरणे. ‘निमित्ताला टेकणे’ हा वाक्प्रचार अलीकडे कमी ऐकू येतो. एखादा माणूस भांडण, राजीनामा किंवा माहेरी जाणे यासाठी मनाने तयार होऊन केवळ कशाची तरी वाट पाहत असेल तर त्याला निमित्ताला टेकलेला म्हणतात. फार अचूक शब्द आहे. टाकून देऊ नये.

आणि ‘कारण’? रोजच्या बोलण्यात ‘सबब’ हा शब्द खरे पाहता फार जणांच्या तोंडी नाही. तो सूचनाफलकावर, वर्गात आणि बातमीत अधिक आढळतो. घरात आपण ‘कारण’ याच शब्दाचे अनेकवचन करून ते काम भागवतो. “कारण सांग” असे आई म्हणाली तर ती खरोखर विचारते आहे. “कारणं सांगू नकोस” असे म्हणाली तर तिला काहीच ऐकायचे नाही. एकवचनात चौकशी आणि अनेकवचनात निकाल, अशी ही गंमत आहे. त्यामागे अनुभवही आहे, कारण खरे कारण बहुधा एकटे असते आणि सबबी सोबतीने येतात. याला अपवाद एक, आणि तो सरकारी: ‘कारणे दाखवा नोटीस’. तेथे अनेकवचन असूनही शब्द तटस्थ आहे. त्या नोटिशीला जे उत्तर द्यायचे त्याला कचेरीत ना कारण म्हणतात ना सबब. त्याला ‘खुलासा’ म्हणतात. वरिष्ठांना तो पटला तर ‘समाधानकारक’ आणि नाही पटला तर ‘असमाधानकारक’. हा ‘खुलासा’ शब्द लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

संस्कृतातून आलेली दोन नावेही येथे नोंदवतो. ‘मिष’ हे आता केवळ काव्यात किंवा अलंकारिक गद्यात सापडते. “फुले वेचण्याच्या मिषाने ती रोज अंगणात येई” अशा वाक्यात त्याला शोभा आहे, आणि तेथे कपटापेक्षा संकोच अधिक असतो. दुसरे ‘व्याज’. बँकेचे व्याज सर्वांना ठाऊक आहे, परंतु संस्कृतात या शब्दाचा अर्थ बहाणा, कपट असा आहे. म्हणून ‘निर्व्याज प्रेम’ म्हणजे व्याज न घेता दिलेले कर्ज नव्हे, तर ज्यात काही आडपडदा नाही असे प्रेम. शालेय व्याकरणात ‘व्याजोक्ती’ अलंकार शिकवतात त्याचेही मूळ तेच: खरे कारण लपवून दुसरेच सांगणे. निरोपाच्या क्षणी पाणावलेले डोळे पुसत “काहीतरी गेलं डोळ्यांत” असे म्हणणारा माणूस सबबच सांगत असतो, पण ती पकडण्याचा दुष्टपणा कोणी करत नाही, आणि काव्यशास्त्राने तर तिला अलंकाराचे स्थान दिले आहे.

म्हणींमध्ये ‘सबब’ शब्द शोधायला गेल्यास निराशा होईल. तेथे नुसत्या सबबीच आहेत. “नाचता येईना अंगण वाकडे, रांधता येईना ओली लाकडे” या जोडीत अंगण आणि लाकडे यांच्यावर टाकलेला दोष हीच सबब. येथेही अंगण वाकडे असू शकते, लाकडे ओली असू शकतात. म्हण त्याबद्दल बोलतच नाही. मात्र ही म्हण ‘वेड घेऊन पेडगावला जाणे’ याच्याशी एकत्र करू नये. भीमेकाठच्या पेडगावचे नाव ज्यात गोवले आहे तो वाक्प्रचार समजत असून न समजल्यासारखे करण्याबद्दल आहे. ते सोंग आहे. तसेच ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ यात हेतू लपवणे आहे, न केलेल्या कामाचे समर्थन नाही. मुद्रिते तपासताना या तिन्हींची अदलाबदल मी अनेकदा दुरुस्त केली आहे.

वापरातील सर्वांत नाजूक बाब आता सांगतो. ‘सबब’ हा शब्द वस्तूचे वर्णन करत नाही, तो निवाडा देतो. ज्याला आपण सबब म्हणतो त्याला सांगणारा कारण म्हणत असतो. म्हणून प्रथमपुरुषी तो जवळजवळ चालत नाही. “माझी सबब अशी की” असे कोणी गंभीरपणे म्हणत नाही, आणि म्हटलेच तर तो थट्टा करतो आहे किंवा कबुली देतो आहे. “सबब सांगत नाही, पण” अशी सुरुवात मात्र सर्रास होते आणि त्यापुढे हमखास सबब येते. दुसऱ्याच्या तोंडावर हा शब्द वापरताना आपण त्याच्या सचोटीवर बोट ठेवतो आहोत याची जाणीव असावी. वडीलधाऱ्यांना “तुम्ही सबबी सांगता” असे म्हणणे उद्धटपणाचे आहे. तेथे “काका, तेवढं जमवाच” एवढे पुरते. हाताखालच्या माणसालाही आधी “अडचण काय आली?” असे विचारावे. ‘अडचण’ या शब्दात त्याला खरे बोलायला जागा मिळते.

याच कारणासाठी “कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही” हे सूचनाफलकावरचे लाडके वाक्य मला खटकते. ते वाचणाऱ्याला, तो काही बोलण्याआधीच, खोटा ठरवते. जिच्या घरी खरोखर आजारपण आहे ती व्यक्तीही त्यात सापडते. “सबळ कारणाशिवाय मुदतवाढ दिली जाणार नाही” असे लिहिले तर शिस्त तितकीच राहते आणि अपमान टळतो. ‘सबब’ आणि ‘सबळ’ यांत एका अक्षराचा फरक आहे; सूचना लिहिणाऱ्याने तेवढे अक्षर बदलावे.

थकबाकीदार सभासदांची गोष्ट राहिली. ठरल्याप्रमाणे त्यांनी लेखी उत्तर आणले, आणि समितीपुढे ठेवण्याआधी मला दाखवले. त्यात चार मुद्दे होते: गच्चीतून पाणी गळते, लिफ्ट वारंवार बंद असते, मुलाचे लग्न होते आणि कंपनीकडून तीन महिने पगार आलेला नाही. मी त्यांना म्हटले, “काका, यांतलं खरं कोणतं?” ते जरा दुखावले, म्हणाले, “चारही खरे आहेत.” ते बरोबरच होते, गळती मी स्वतः पाहिली होती. मग मी शिंप्याचा प्रश्न त्यांना विचारला: गच्ची गळत नसती तर पैसे भरले असते का? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “नसते भरता आले.” लिफ्ट गेली, लग्नही गेले. उरला पगार.

अर्ज किंवा खुलासा लिहिताना एवढेच करायचे असते. जे घडले नसते तर काम झाले असते, तेवढे एकच ठेवावे. ते पहिल्या वाक्यात, तारखेसह लिहावे. त्याला कागद असेल तर जोडावा. आणि लगेच आपण आता काय करणार हे लिहावे. तक्रारींसाठी वेगळे पत्र द्यावे, कारण तक्रार कितीही खरी असली तरी खुलाशात घातली की तिची सबब होते. ‘अपरिहार्य कारणास्तव’, ‘काही घरगुती अडचणींमुळे’ असे मोघम शब्द टाळावेत. त्यांत खोटे काही नसते, पण वाचणाऱ्याच्या मनात ते रिकाम्या डब्यासारखे वाजतात. आणि गयावया करू नये. काकांचे अंतिम पत्र तीन वाक्यांचे झाले: “मला मागील तीन महिन्यांचे वेतन मिळालेले नाही, त्याचे बँकेचे विवरण सोबत जोडले आहे. थकीत रक्कम मी पुढील चार महिन्यांत समान हप्त्यांनी भरेन. गच्चीच्या गळतीबाबत स्वतंत्र पत्र देत आहे.”

सभेत ते वाचून झाल्यावर आमचे खजिनदार म्हणाले, “ह्या सगळ्या सबबी आहेत,” आणि दुसऱ्या एका सभासदबाई म्हणाल्या, “सबबी कसल्या? सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.” थोडी खडाजंगी होऊन हप्ते मंजूर झाले. इतिवृत्त मला लिहायचे होते. ‘सबब’ लिहिले असते तर काका पुन्हा दारात आले असते आणि ‘कारण’ लिहिले असते तर खजिनदार. “सभासदांचा खुलासा वाचून दाखवण्यात आला,” असे मी लिहिले, आणि पुढच्या सभेत ते इतिवृत्त विनाहरकत कायम झाले.